मात्रा जोखणारा माणूस : डॉ. रुस्तम जाल वकील

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांना तान्हेपणी घरी घुटी मिळालेली असेल. दादी किंवा नानी सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ उगाळते. उगाळताना तिचे ओठ हलत असतात, कारण ती वळसे मोजत असते. हिरड्याचे वळसे जास्त, वेखंडाचे कमी, जायफळाचा तर अगदी एखादाच. घरात नवी आलेली सून घाईत जायफळाचे चार वळसे जास्त देते आणि बाळ दिवसभर डोळे उघडत नाही. मग सारे घर घाबरते. दादीने शाळेचे तोंड पाहिलेले नसेल, पण औषधविद्येतील सर्वांत मोठी गोष्ट तिला ठाऊक असते. औषध आणि अपाय यांत पुष्कळदा पदार्थ तोच असतो, फरक असतो तो मापाचा.

हीच गोष्ट आपल्या यवतमाळ जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. पण मिसळण्याचे माप अंदाजाने घ्यायचे, एका औषधात दुसरे ओतायचे, तोंडाला फडका न बांधता पंप पाठीवर घ्यायचा, या सवयीही त्यांत होत्या, हे आपण नेरच्या आसपासच्या शिवारात राहणारे सारेच जाणतो.

म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी चरित्र लिहायचे ठरले, तेव्हा मी राजा, सेनापती किंवा पुढारी निवडला नाही. आयुष्यभर माप जोखत राहिलेला मुंबईचा एक डॉक्टर निवडला. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर, विज्ञान माझा विषय नव्हे. परंतु हे चरित्र वाचताना मला वाटले की, हे केवळ डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी नाही. ज्यांच्या घरी रक्तदाबाची गोळी घेणारे एखादे माणूस आहे, त्या प्रत्येकासाठी आहे. आणि असे माणूस आता कोणत्या घरी नाही?

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडनला घेतले. त्या काळी विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरला तिथेच किंवा इथल्या धनिक वस्तीत सुखाने राहता आले असते. वकील मुंबईला परतले आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात रोग्यांची सेवा करू लागले. परळ म्हणजे गिरणगाव. कोकणातले, घाटावरचे, आपल्या वऱ्हाडातलेही कष्टकरी पोटासाठी तिथे गेलेले. अशा माणसांच्या छातीला नळी लावून ऐकता ऐकता हा तरुण डॉक्टर हृदयरोगाच्या अभ्यासात बुडून गेला.

विद्यार्थी मित्रांनो, त्या काळच्या डॉक्टरची अडचण आधी ध्यानात घ्या. आज दंडाला पट्टा बांधतात, रक्तदाब मोजतात आणि गोळी लिहून देतात. १९४० च्या सुमारास पट्टा होता, मोजता येत होते, पण देण्यासारखी भरवशाची गोळी नव्हती. रोग्याला विश्रांती घ्यायला सांगायचे, मीठ तोडायला सांगायचे, झोपेचे औषध द्यायचे. फारच झाले तर शस्त्रक्रिया करून पाठीच्या कण्याजवळच्या काही नसा कापायच्या. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे उदाहरण जगाला माहीत आहे. जगातला सर्वांत बलाढ्य मनुष्य, हाताशी उत्तमोत्तम डॉक्टर. तरी त्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत गेला आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते वारले. जिथे त्यांचे काही चालले नाही, तिथे गिरणीतल्या मजुराचे काय चालणार?

रक्तदाब म्हणजे काय, हे आपल्या शेताच्या भाषेत सांगतो. ओलिताच्या मोटारीला रबरी पाइप लावला आहे. पाइपावर कोणी पाय ठेवला की आतला दाब वाढतो, पाइप ताठतो, मोटारीवर ताण येतो. शरीरात मोटार म्हणजे हृदय आणि पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. या वाहिन्यांच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. मज्जातंतूंचा हुकूम आला की ते आवळतात आणि वाट अरुंद होते. आवळण वर्षानुवर्षे राहिले तर एके दिवशी मोटार जळते किंवा पाइप फुटतो. तेव्हा हवे होते असे औषध, जे ही आवळलेली वाट सैल करील, रुंद करील आणि हृदयावरचा भार उतरवील. पण किती सैल? फारच सैल केली तर दाब इतका उतरेल की मेंदूला रक्त पोहोचणार नाही आणि माणूस चक्कर येऊन पडेल. म्हणजे पुन्हा प्रश्न मापाचाच.

असे औषध आपल्याच देशाच्या रानात उगवत होते. त्याचे नाव सर्पगंधा. युनानी हकीम त्याला असरोल म्हणत. हातभर उंचीचे झुडूप, पांढरी-गुलाबी फुले, गुण सारा मुळात. वेडाच्या झटक्यावर, निद्रानाशावर, सर्पदंशावरही त्याचे मूळ पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात होते. प्रत्येक वैद्याचे माप मात्र निराळे. कोणी चिमूटभर देई, कोणी बोटाएवढे मूळ उगाळी. काहींना गुण येई, काही गुंगून पडत. यातून शास्त्र कसे तयार व्हायचे?

या ठिकाणी आपण अभिमानाने स्मरावे असे एक नाव येते, हकीम अजमल खान यांचे. दिल्लीचे हे थोर हकीम (१८६८–१९२७) स्वातंत्र्यलढ्यातील पुढारी होते आणि जामिया मिलियाच्या संस्थापकांपैकी एक होते. आपल्या पूर्वजांच्या औषधांची आजच्या रसायनशास्त्राने कसून परीक्षा व्हावी, असे त्यांना वाटे. परीक्षेला भिणारा विद्यार्थी कच्चा असतो, तसेच परीक्षेला भिणारे औषधही. जर्मनीत शिकून आलेले तरुण रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दिकी यांना त्यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात या कामाला लावले. हकीमसाहेब १९२७ साली निवर्तले. चार वर्षांनी, १९३१ मध्ये, सलीमुज्जमान आणि रफअत हुसेन सिद्दिकी यांनी सर्पगंधाच्या मुळातून पाच निरनिराळी द्रव्ये वेगळी केली. त्यांतील एकाला त्यांनी आपल्या गुरूच्या नावावरून अजमलिन हे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांचा एक दडलेला आनुवंशिक दोष उघड करण्यासाठी आजही जगातले डॉक्टर हे अजमलिन वापरतात. पदक गंजते, इमारत पडते, पण शिष्याने दिलेले असे नाव टिकते.

ही द्रव्ये हातात आली तेव्हा त्यांची परीक्षा प्रथम बेडकांवर झाली. एक गट हृदयाला मंद करतो, तर दुसरा त्याला चालना देतो, असे दिसले. म्हणजे एकाच मुळात उलटसुलट गुणाची द्रव्ये नांदत होती. वैद्यांचे अनुभव एकमेकांशी का जुळत नव्हते, याचे एक उत्तर इथे मिळाले. त्याच १९३१ साली कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी हे मूळ रक्तदाब आणि मनोविकार या दोहोंवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. १९३३ मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याच्याच उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत प्राण्यांवर प्रयोग करून रक्तदाब उतरतो हे दाखवून दिले.

प्राण्यांवर माप कसे काढतात, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. प्राण्याचा रक्तदाब मोजण्याची कल्पना फार जुनी आहे. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीत पितळी नळी बसवून तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फूट तीन इंच चढले. १७३३ साली त्याने हे प्रसिद्ध केले. पुढे काजळी धरलेला कागद फिरत्या पिंपावर लावून त्यावर रक्तदाबाची रेघ आपोआप उमटवण्याची युक्ती निघाली. औषध देताच रेघ खाली येते की नाही, किती वेळ खाली राहते, पुन्हा वर केव्हा चढते, हे त्या काळ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत लिहिल्यासारखे दिसे.

मापाची रीत अशी. प्राण्याचे वजन करायचे. वजनाच्या दर किलोमागे अगदी थोडे औषध द्यायचे आणि पाहायचे. परिणाम नाही, तर पुढच्या वेळी थोडे वाढवायचे. ज्या मात्रेला प्रथम गुण दिसतो ती एक खूण. ज्या मात्रेला अपाय सुरू होतो ती दुसरी खूण. या दोन खुणांमध्ये जितके अंतर अधिक, तितके औषध सुरक्षित. अंतर बोटभरच असेल तर ते औषध म्हणजे विहिरीच्या काठावरून चालणे.

पण प्राण्यावर काढलेले माप माणसाला जसेच्या तसे लागू होते काय? हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी इब्न सीना यांनी उपस्थित केला होता. बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या या महान हकिमाने (९८०–१०३७) हृदयावरील औषधांचा एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ‘अल्‌-कानून’ या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी औषध पारखण्याचे नियम घालून दिले. सिंहावर किंवा घोड्यावर औषध पाहिले म्हणून माणसावर ते तसेच काम करील असे समजू नये, शेवटची पारख माणसावरच व्हावी लागते, असा त्यांतील एका नियमाचा आशय आहे. सर्पगंधाने हा नियम अक्षरशः खरा करून दाखवला. त्याच्या मुळातील मुख्य द्रव्य रिसर्पिन. प्रयोगशाळेत उंदराला ते दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत दिले जाते. उलट सुमारे ५०० किलो वजनाच्या घोड्याला सगळे मिळून ५ मिलिग्रॅम दिले, तरी तो कित्येक दिवस गुंगून राहतो. या दोन प्रयोगांचे हेतू निराळे असतात हे खरे, तरी वजनाच्या हिशेबाने हा फरक पाचशेपटीचा झाला. आणि माणसाला रक्तदाबासाठी दिवसाला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी पुरते. उंदराच्या मापाने त्रैराशिक मांडून कोणी माणसाला औषध दिले असते, तर तो रोगी वाचला नसता. गणितात चूक नसूनही उत्तर चुकते, ते असे.

म्हणजे वाचकहो, १९४० च्या सुमारास परिस्थिती अशी होती. मूळ माहीत होते. त्यातील द्रव्ये माहीत होती. प्राण्यांत रक्तदाब उतरतो हे माहीत होते. डेहराडूनला १९३० साली मोहम्मद मनाल यांनी स्थापन केलेल्या हिमालया ड्रग कंपनीने १९३४ पासून या मुळाची सर्पिना नावाची गोळीही बाजारात आणली होती. उणीव होती ती एकाच गोष्टीची. माणसाला नेमके किती द्यावे, किती दिवस द्यावे, काय गुण येतो आणि काय त्रास होतो, हे कोणीतरी शांतपणे, रोग्यामागून रोगी, आकड्यात मांडून जगापुढे ठेवायला हवे होते. ती उणीव रुस्तम वकील यांनी भरून काढली.

वकील बरीच वर्षे हे मूळ आपल्या रोग्यांना देऊन पाहत होते. पण चार रोग्यांना बरे वाटले म्हणून डांगोरा पिटणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. रक्तदाब ही चंचल वस्तू आहे. डॉक्टरला पाहून तो चढतो, दोन दिवस खाटेवर पडून राहिले की आपोआप उतरतो. उतरला तो औषधाने की विश्रांतीने, हे कसे ठरवायचे? त्यासाठी आधीची नोंद हवी, नंतरची हवी, औषध बंद केल्यावरचीही हवी. त्यांनी कारण न सापडणाऱ्या वाढत्या रक्तदाबाचे ५० रोगी घेतले आणि मुळाच्या गोळ्या देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या. चार आठवड्यांच्या उपचारानंतर शेकडा सुमारे ८५ रोग्यांचा वरचा दाब आणि सुमारे ८१ रोग्यांचा खालचा दाब उतरलेला आढळला. १९४९ साली लंडनच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या मासिकात त्यांनी हे सारे छापले. निबंध अवघा पाच-सहा पानांचा. त्यात पूर्वजांच्या गौरवाचा फुलोरा नाही, चमत्काराचा दावा नाही. आहेत ते रोगी, मात्रा आणि आकडे.

त्या पाच-सहा पानांनी काय केले ते पाहा. अमेरिकेत बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो निबंध वाचला, भारतातून औषध मागवले आणि आपल्या रोग्यांना देऊन पाहिले. अनुभव जुळला. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी मुळातून रिसर्पिन वेगळे काढले. प्राण्यांना ते दिले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. त्याचा परिणाम लगेच होत नाही. तो हळूहळू येतो आणि औषध थांबवल्यावरही बराच काळ रेंगाळतो. पुढे कारणही सापडले. मज्जातंतूंच्या टोकाशी वाहिन्या आवळण्याचा हुकूम पोहोचवणाऱ्या द्रव्याचा साठा असतो. रिसर्पिन तो साठाच रिकामा करते. साठा रिकामा व्हायला वेळ लागतो आणि पुन्हा भरायलाही लागतो. म्हणून आज गोळी घेतली, संध्याकाळी गुण दिसला नाही, म्हणून उद्या दोन घ्याव्यात, असे या औषधात केले तर घात होतो.

न्यूयॉर्क राज्यातील एका मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी हेच औषध मनोरुग्णांना दिले आणि तिथे नवे युग सुरू झाले. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन निश्चल झालेल्या सशांना दुसरे एक द्रव्य टोचून पुन्हा हिंडते-फिरते केले. १९५७ सालच्या या प्रयोगातून कंपवाताच्या औषधाची वाट सापडली आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या रानातल्या एका मुळाची ही यात्रा आहे. तिच्यात मुंबईच्या डॉक्टरचे पाऊल निर्णायक ठरले.

१९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार वकील यांना देण्यात आला. १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि १९६५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. भारतातील आधुनिक हृदयरोगशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

परंतु चरित्र लिहिताना केवळ फुले वाहून भागत नाही. या औषधाच्या कीर्तीबरोबर त्याचा अतिरेकही आला. गुण येतो म्हटल्यावर अनेक ठिकाणी मात्रा चढवण्यात आली. मग दिसू लागले की जास्त मात्रेने काही रोगी खिन्न होतात, कशातच त्यांचे मन रमत नाही, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. जो साठा वाहिन्यांजवळ रिकामा होत होता, तसाच तो मेंदूतही रिकामा होत होता. हळूहळू डॉक्टर शिकले की थोड्याच मात्रेत, दुसऱ्या औषधाच्या जोडीने, दाब उतरतो आणि मनही शाबूत राहते. १९७४ च्या सप्टेंबरात या औषधामुळे स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो की काय, अशी शंका घेणारे निबंध लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि मोठी खळबळ उडाली. नंतरच्या व्यापक अभ्यासांत ती शंका त्या रूपात टिकली नाही. पण औषधावरचा विश्वास डळमळला आणि तोवर नवी औषधेही आली होती. आज रिसर्पिन क्वचितच लिहिले जाते. सर्पगंधा तर इतकी उपटली गेली की आता तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच निर्बंध आहेत. मापाचे भान सुटले म्हणजे माणसाचे नुकसान होते, तसेच रानाचेही होते.

प्राण्यांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. बेडूक, ससे, उंदीर, कुत्री, मांजरे यांनी या ज्ञानासाठी प्राण दिले. त्यांना कोणी विचारले नव्हते. आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि प्रयोगांवर देखरेख आली. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन, जिथे शक्य असेल तिथे प्राण्यांऐवजी पेशी, संगणक अशा इतर पद्धतींनाही वाव देण्यात आला. मुक्या जिवाला विनाकारण दुःख देऊ नये, ही शिकवण आपल्याला घरीच मिळालेली असते. विज्ञानही आता त्या वाटेने चालू लागले आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

डॉ. वकील पुरस्कारानंतर स्वस्थ बसले नाहीत. रक्तदाबावर सर्पगंधाविषयी तोवर जगभर जे लिहिले गेले होते, त्याचा आढावा घेणारा निबंध त्यांनी १९५५ मध्ये अमेरिकेतील ‘सर्क्युलेशन’ मासिकात लिहिला होताच. याखेरीज त्यांचा मोठा वेळ शिकवण्यात आणि पुस्तके लिहिण्यात गेला. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह त्यांनी रोग्याची तपासणी कशी करावी यावर लिहिलेले पुस्तक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचले. भारतीय डॉक्टरांनी भारतीय रोग्यांच्या अनुभवावरून लिहिलेले वैद्यकाचे मोठे पाठ्यपुस्तक १९६९ साली असोसिएशन ऑफ फिजिशिअन्स ऑफ इंडिया या संस्थेतर्फे निघाले. त्याच्या पहिल्या आवृत्तीचे संपादक वकील होते. तोवर आपली मुले विलायतेची पुस्तके वाचून इथले आजार शिकत. वैद्यकाच्या इतिहासाचीही त्यांना गोडी होती आणि त्यावर त्यांनी रसाळ निबंध लिहिले. १९७४ च्या नोव्हेंबरात ते निवर्तले. वय अवघे त्रेसष्ट.

आता माझ्या घरचे सांगतो. माझ्या अब्बांना रक्तदाबाची गोळी सकाळ-संध्याकाळ अशी दोन वेळा आहे. काही वर्षांपूर्वी रमजानमध्ये त्यांनी मनानेच हिशेब केला की दिवसा तर घेता येत नाही, तेव्हा दोन्ही गोळ्या सहरीलाच घेऊन टाकाव्यात. दिवसाची बेरीज तीच, मग बिघडले कुठे? तिसऱ्या रोजाला दुपारी जोहरच्या नमाजसाठी उठताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते ओसरीवर कोसळले. कपाळाला टाके पडले. डॉक्टरांनी रागावणे सोडून एवढेच समजावले की रमजान लागण्यापूर्वी एकदा येऊन भेटला असता तर वेळा बदलून दिल्या असत्या. तेव्हापासून शाबान महिन्यातच आमच्या घरी ही भेट ठरलेली असते. त्या दुपारी मला कळले की मात्रा म्हणजे केवळ किती हे नव्हे. केव्हा, किती अंतराने आणि कोणाला, हेही त्यातच येते. डॉ. वकील यांनी रोग्यामागून रोगी तपासून जे जोखले, ते आम्ही एका अंदाजाने मोडून टाकले होते.

पालक बंधू-भगिनींनो, म्हणून विनंती आहे. शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेल असे समजू नका. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नका आणि बरे वाटत नाही म्हणून दुप्पट करू नका. जडीबुटीची आहे म्हणून निर्धोक आहे, असेही मानू नका. सर्पगंधाही जडीबुटीच होती. घरात एक साधी वही ठेवा. तारीख, रक्तदाब, गोळीचे नाव, घेतल्याची वेळ. डॉक्टरकडे जाताना ती वही न्या. ती लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्या. दादाजींचा रक्तदाब रोज टिपणारी मुलगी विज्ञानाचा पहिला धडा घरीच गिरवते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगायचे आहे. प्रयोगवहीत आकडे कसे भरले जातात, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक नाही असे समजू नका. उत्तर आधी पाहायचे आणि त्याला जुळणारे आकडे मागाहून लिहायचे, ही खोड फार वर्षांची आहे. आमच्या वेळीही होती, मीही ते केले आहे. पण विचार करा, परळच्या त्या रुग्णालयात ५० रोग्यांपैकी ज्यांचा दाब उतरला नाही, त्यांचाही उतरला असे कोणी लिहिले असते तर? बोस्टनला तो पडताळा जुळला नसता आणि सर्पगंधाचे नाव पुन्हा रानात गेले असते. ज्यांना गुण आला नाही त्यांचीही नोंद प्रामाणिकपणे झाली, म्हणून ज्यांना गुण आला त्यांच्यावर जगाने विश्वास ठेवला.

मूळ वकिलांनी शोधले नव्हते. त्यातील द्रव्ये त्यांनी वेगळी केली नव्हती. त्यांनी मोजले, खरे तेच लिहिले आणि धीर धरला. एवढ्या साध्या गोष्टींनी माणूस मोठा होतो. त्यासाठी मुंबई किंवा लंडन लागते असेही नाही. नेरच्या शाळेतल्या बाकावर बसूनही त्याची सुरुवात करता येते. पुढच्या तासाला तुमचा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी जुळला नाही, तर तो खोडू नका. तसाच लिहा आणि पुन्हा मोजा.